चेहऱ्याची मालकी

परदेशातील आगगाडीत समोर बसलेल्या अनोळखी माणसाचे त्याच्या नकळत छायाचित्र टिपणे ही कला मानली जाते, आणि तिच्या समर्थनार्थ वॉकर इव्हान्सचे नाव हटकून पुढे केले जाते. १९३८ ते १९४१ या काळात इव्हान्सने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा दडवला, दोन गुंड्यांमधून भिंग बाहेर काढले आणि बाहीतून नेलेल्या तारेने कळ दाबली. मुखवटा गळालेला माणूस असाच सापडतो, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे. हे म्हणणे मुळातच लटके आहे. पेंगुळलेला, शून्यात पाहणारा चेहरा तेवढा खरा आणि घरी लेकराशी बोलताना उजळणारा चेहरा खोटा, हे ठरवले कोणी? शिवाय इव्हान्सच्या या चित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ साली. पाव शतकात माणसे म्हातारी होतात, काही जातात, चेहरे ओळखेनासे होतात. आज टिपलेले चित्र गाडी पुढच्या स्थानकात शिरण्याआधी जगभर पोचू शकते. इव्हान्सचा दाखला देणाऱ्यांनी ती पंचवीस वर्षेही उसनी घ्यावीत.

दुसरा बचाव सार्वजनिक जागेचा. रस्त्यावर कॅमेरा दिसला तर माणूस वाट बदलतो. खच्चून भरलेल्या डब्यात तो कोठे जाणार? मायकेल वुल्फच्या २०१० मधील 'टोकिओ कॉम्प्रेशन' या संग्रहात ही लाचारी उघडी पडते. फलाटावर उभे राहून वुल्फने डब्यांच्या काचांवर दाबले गेलेले चेहरे टिपले. वाफेने धुरकटलेली काच, चेपलेला गाल, कोणी डोळे मिटून घेतलेले, कोणी काचेवर हात आडवा धरलेला. चित्रे विलक्षण आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याला तसूभर हलता येत नाही त्याने डोळे मिटणे हा नकार नव्हे तर काय? त्या नकारालाच चित्राचा विषय करायचे आणि वर त्याला महानगरीय करुणा म्हणायचे, ही समीक्षेची चलाखी झाली.

विचारले तर क्षण निसटतो, असेही सांगतात. ब्रूस डेव्हिडसन १९८० साली न्यूयॉर्कच्या त्याच, तेव्हा भयाने ग्रासलेल्या गाड्यांत शिरला, तो आपल्या चित्रांची छोटी वही जवळ बाळगून. ती दाखवून तो पुष्कळदा परवानगी मागे. कधी आधी टिपे आणि मग बोले. १९८६ च्या त्याच्या 'सबवे' या पुस्तकातील माणसे त्यामुळे निर्जीव झालेली नाहीत. ती उलट आपल्याकडे रोखून पाहतात.

मुंबईच्या लोकलला लोंबकळणाऱ्यांवर परदेशी पाहुण्याने कॅमेरा रोखला की आपल्याला त्यात आपल्या हालांचा बाजार दिसतो. तेच आपण टोकिओच्या गाडीत पेंगणाऱ्या वृद्धेचे चित्र घेऊन येतो आणि त्याला प्रवासातील टिपण म्हणतो. भाषा येत नव्हती, ही सबब पुरेशी नाही. कॅमेरा किंचित उचलून भुवई उंचावली तरी प्रश्न कळतो. उत्तर बहुधा 'नको' असेल, हेही ठाऊक असते. म्हणून तर तिचा डोळा लागेपर्यंत वाट पाहिली जाते.