दयेचा वृद्धाश्रम नको, हक्काचे शुश्रूषागृह हवे

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन्ही काठांचे शेजारी तालुके. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कुरकुंभची. तरणी माणसे पाळीवर जातात, आयाबाया उसात, कांद्यात, नाही तर कुणाच्या घरकामाला. घरात उरते म्हातारे माणूस. हातपाय चालतात तोवर ते नातवंडे सांभाळते, शेळी राखते. पण तेच जेव्हा घरचा रस्ता विसरते, सुनेला ओळखत नाही, रात्री उठून दाराची कडी काढू लागते, तेव्हा घराने काय करायचे? रोजगार बुडवला तर चूल पेटत नाही. मग बाहेरून कडी घालून माणसे कामावर जातात. वस्तीत हे सर्वांना ठाऊक असते, पण बोलत कुणी नाही.

त्या सुनेला दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता, हे आधी कुणी तरी सांगावे.

पहिली गोष्ट, हा म्हातारचळ नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. हा मेंदूचा आजार आहे, त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून थोड्या अधिक माणसांना तो असतो, म्हणजे भारतात सुमारे ८८ लाख. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो जास्त आढळला. विसरभोळेपणा थायरॉईडच्या बिघाडाने, ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने किंवा मनाच्या उदासीनेही येतो, आणि तो औषधाने सुधारू शकतो. म्हणून देवऋषाकडे न जाता आधी सरकारी दवाखान्यात दाखवावे.

पण जो सुधारत नाही, त्याचे काय? संजय गांधी किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला पन्नास. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. पण ती रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. घरी वर्षानुवर्षे घास भरवायला, कूस बदलायला, कपडे बदलायला त्यातून माणूस मिळत नाही. आणि बहुतेक वृद्धाश्रमांची अट असते की स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद!

कायदा काय म्हणतो ते पाहू. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. मुलांकडून पोटगी मागता येते एवढेच आपल्याला माहीत असते. पण त्याच्या १९ व्या कलमात राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निर्धन वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचा एक तरी वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे म्हटले आहे. मेख अशी की हे ‘करता येईल’ या भाषेत लिहिले आहे. ‘केलेच पाहिजे’ असे नाही. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्वनी कुमार प्रकरणात वृद्धांचा सन्मान, निवारा व आरोग्य हे घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्कातच येतात असे सांगितले आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचा आदेश केंद्राला दिला. आपल्या मागणीला आधार आहे तो हा.

हे अशक्य आहे काय? दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या दिवसांत, शेकडो निराधार स्त्रियांना आसरा दिला. अंध आणि दुबळ्यांनाही दूर लोटले नाही. ते देणग्यांवर झाले. केरळ सरकारने तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ‘स्मृतिपथम्’ हा उपक्रम हाती घेतला आणि त्यात दिवसाचे केंद्र व निवासी केंद्र दोन्ही काढली. तिथे जमते, तर इथे का नाही?

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून हिशेब मांडतो. तीस खाटांचे गृह धरा. दिवसाच्या दोन्ही पाळ्यांत पाच रुग्णांमागे एक सेविका, रात्री दहांमागे एक. म्हणजे रोज पंधरा पाळ्या, आठवड्याला १०५. एक बाई आठवड्यात सहाच पाळ्या करणार. रजा-आजारपण धरून २१ सेविका लागतात. प्रत्येकीवर फंडासह समजा १८ हजार खर्च धरला, तर महिन्याला ३ लाख ७८ हजार, म्हणजे खाटेमागे १२,६०० रुपये. यात परिचारिका, स्वयंपाक, औषध, वीज काहीच नाही. मजुराच्या घराला हे पेलणार नाही. म्हणूनच हा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे. इमारतीचा खर्च एकदाच असतो, तिच्या कोनशिलेवर नावेही झळकतात. हातांचा खर्च दरमहा असतो, आणि योजना बुडते ती तिथेच.

या हातांबद्दल आणखी एक बोलले पाहिजे. मलमूत्र काढायचे काम आले की कंत्राटदार कोणत्या वस्तीत बाया शोधायला येतो, हे आम्हांला सांगायला नको. निम्म्या मजुरीवर आपल्याच आयाबहिणींना राबवून गृह चालणार असेल, तर ते आम्हांला नको. सेविकेला प्रशिक्षण, कायम नेमणूक, हातमोजे, साप्ताहिक सुट्टी आणि पूर्ण पगार. आणि भरती सर्व समाजांतून. डॉ. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली, त्यातून १९४८ चा कायदा आला. त्यातले तत्त्व हेच की उपचार ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे. आयुष्यभर राबलेल्याच्या म्हातारपणालाही तेच तत्त्व लागू व्हावे.

जागा गावाबाहेरच्या माळावर नको. दोन तालुक्यांना जोडणाऱ्या शिरूर–न्हावरे–चौफुला रस्त्यावर, सरकारी रुग्णालयाच्या जवळ, एस.टी. थांबते तिथे हवी. लेकीला भेटायला येता आले पाहिजे. खोलीला कुलूप नको, आवाराला कुंपण असावे. फिरून पुन्हा तिथेच येणारी वाट, खाटेवरून दिसणारे शौचालय आणि रात्री मंद दिवा असावा.

वाचकहो, तीन कामे आजच करता येतील. आशाताईंना बरोबर घेऊन वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आणि भान हरपलेल्या माणसांची यादी करा. आकड्याशिवाय कार्यालयात कुणी ऐकत नाही. ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हा नियोजन समितीकडे पाठवा. आणि समाजमंदिर दिवसभर कुलूपबंद असेल तर ते उघडा. दहा खुर्च्या, पाण्याचा माठ आणि पाळीपाळीने बसणारी दोन माणसे, एवढ्यावर दिवसाचा सांभाळ सुरू होतो. निवासी गृह मंजूर व्हायला वर्षे लागतील. दारावरची ती कडी मात्र त्याआधी निघाली पाहिजे.