घर वाचले, पण कोणासाठी?

गेल्या दिवाळीच्या सुटीत भंडारदऱ्याजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. भाताची झोडणी चालू होती. एके दिवशी दुपारी एक गृहस्थ मोटारीतून आले आणि थोरल्या आजोबांच्या ओटीवर बसले. घराचे सागाचे खांब त्यांनी हाताने चाचपून पाहिले, कौलांकडे पाहिले, समोर दिसणाऱ्या पाण्याकडे पाहिले, आणि मग खिशातून मोबाइल काढून आम्हांला एक जाहिरात दाखविली.

जाहिरात इंग्लंडातली होती. एका खेड्यातील जमीनदाराची जुनी हवेली. तिचे फ्लॅट पाडलेले. त्यांतला एक, आतून सगळा नवा केलेला, विक्रीस होता. उंच छत, जुनी शेकोटी, खिडकीतून दिसणारी हिरवळ. गृहस्थ म्हणाले, "साहेबलोक जुने पाडत नाहीत, असे विकतात. तुमच्या घराचेही चार भाग करू. बाहेरचे रूप असेच ठेवू, आतून सगळे नवे. मुंबईची चार गिऱ्हाइके मी आणतो."

आजोबांनी एवढेच विचारले, "मंग आम्ही कुठं राहायचं?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम त्या गृहस्थांच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते बोलले पाहिजे. जुने घर वाचविण्याचा हा मार्ग खोटा नाही. इंग्लंडात एका शतकात हजारावर अशा हवेल्या जमीनदोस्त झाल्या. वारसाकर भरणे आणि एवढे मोठे छप्पर सांभाळणे मालकांना झेपेना. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विनाशावर प्रदर्शनच भरविले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. त्याच सुमारास किट मार्टिन नावाच्या वास्तुतज्ज्ञाने डिंग्ली हॉल, गंटन हॉल अशा पडायला आलेल्या हवेल्या घेऊन त्यांची स्वतंत्र घरे केली. मोठी दालने मध्येच भिंती घालून चिरायची नाहीत. इमारत उभी विभागायची, म्हणजे प्रत्येकाला आपला जिना आणि आपले दार मिळते, ही त्याची पद्धत. शिवाय तिथे संरक्षित इमारतीच्या आतला जिना बदलायचा झाला तरी परवानगी लागते. हवेली वाचली ती नुसत्या विक्रीने नव्हे. जे विकता येत नाही, ते कायद्याने आधी ठरविले होते.

आपल्याकडे काय झाले? पुण्याच्या पेठांतले वाडे आठवा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, दुरुस्तीला पैसा उरला नाही, वारसांची संख्या वाढत गेली. मग वाडा पाडून इमारत उभी राहिली आणि दारावर पाटी लागली ती जुन्या वाड्याच्याच नावाची! इंग्रजांनी भिंती राखून आतले बदलले. आपण नाव राखून भिंती पाडल्या. मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली झाली, पण खेड्यातल्या कौलारू घराला वारसा म्हणण्याची आपल्याला अजून सवय नाही.

आणि येथेच भंडारदऱ्याचा प्रश्न वेगळा होतो. इंग्लंडातल्या हवेलीचा मालक बहुधा सधन होता. त्याने वडिलार्जित घर विकले तरी तो बेघर झाला नाही. त्या हवेल्यांचा इतिहासही तितका निर्मळ नव्हता. तेथील नॅशनल ट्रस्टनेच २०२० साली आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेला संबंध प्रसिद्ध केला. जाहिरातीत शेकोटी येते. तिच्यासाठी पैसा कोठून आला ते येत नाही.

आमच्याकडे तलावाचेही तसेच आहे. प्रवरेवरचे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. उंची सुमारे २७० फूट. पाणी खाली गेले, प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला, साखर कारखाने निघाले. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. याच पाण्याने या जिल्ह्याला श्रीमंती आली. पण त्या पाण्याखाली आमच्या पणजोबांची भातखाचरे आहेत. जाहिरातीत 'तलावाचे दृश्य' म्हणून ज्याची किंमत लागते, ते आमच्या घरी 'बुडालेले शेत' या नावाने ओळखले जाते. पणजोबा वर सरकले, आणि वर येऊन त्यांनी जे घर बांधले, तेच हे घर. आता त्याच्याही दाराशी गिऱ्हाईक आले आहे.

आम्ही महादेव कोळी. आमची जमीन सरकारी परवानगीवाचून बिगर आदिवासीला विकता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली ३६-अ हे कलम घातले गेले ते याचसाठी. हे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते हसले. म्हणाले, "कागदावर नाव गावातल्याच माणसाचे राहील. त्याची काळजी तुम्ही करू नका." काळजी वाटली ती नेमकी या वाक्याने. कायदा मोडायला धाडस लागते. तो वाकवायला आपलाच एखादा माणूस पुरतो. मित्रहो, तो माणूस उद्या आपल्यापैकीच कोणी शिकलेला असेल, ही गोष्ट मला अधिक बोचते.

आमच्या एका प्राध्यापकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मला अडविले. म्हणाले, "भावना ठीक आहे, पण भावनेने कौले शाकारली जात नाहीत." त्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते सांगायला नको. मागल्या पडवीचा वासा कुजला आहे. सागाचा नवा वासा घ्यायचा तर नागली, वरई आणि हिरड्याच्या पैशात तो बसत नाही. 'घर विकू नका' असे ओटीवर बसून सांगणे सोपे. पैसा कोठून आणायचा, हे न सांगणारा उपदेश पोकळच.

म्हणून माझे म्हणणे असे. घराचा उपयोग विकावा, घर विकू नये. जूनच्या तोंडाशी काजवे बघायला आणि श्रावणात धबधबे बघायला माणसे येतातच. त्यांना एक खोली, पिठले-भाकरी आणि स्वच्छ संडास हवा असतो. पर्यटनासाठीची निवास व न्याहारी योजना याच कल्पनेवर उभी आहे. त्यात पाहुणा दोन दिवसांनी परत जातो आणि घर मालकाचेच राहते. दुसरे, जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळावे, असा ठराव ग्रामसभेने करावा. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जो आवाज दिला आहे तो वापरावा. तिसरे, आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी निदान आपापल्या गावची जुनी घरे मोजून, त्यांचे नकाशे काढून ठेवावेत. ज्याची नोंद नाही ते पाडायला सोपे आणि विकायला त्याहून सोपे.

गृहस्थ पुन्हा आले नाहीत. वासा अजून तसाच आहे. या उन्हाळ्यात आम्ही चौघे चुलतभाऊ मिळून तो बदलणार आहोत. आजोबांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न मात्र मी विसरलेलो नाही. कोणत्याही सुंदर जाहिरातीपुढे तो विचारून पाहावा: घर वाचेल, पण मग तिथे राहायचे कोणी?

— तृतीय वर्ष, कला