पिल्लांना माती आधीच दाखवा, पण बेताने



गिरिराज, वनराज, कावेरी किंवा गावरान पिल्लं परसात वाढवणाऱ्यांसाठी आजचा मेसेज आहे. जरा मोठा आहे, पण पुढची बॅच आणायच्या आधी पूर्ण वाचा.

आपल्याकडची रीत ठरलेली आहे. एक दिवसाची पिल्लं आली की ब्रूडरमध्ये तूस, त्यावर कागद, वर बल्ब. चार आठवडे मातीचा कण दिसू द्यायचा नाही. मग एके सकाळी जाळी उघडायची आणि सगळी पिल्लं अंगणात! पुढच्या आठ-दहा दिवसांत काही पिल्लं पंख पाडून बसतात, विष्ठा लाल दिसते, रोज सकाळी दोन-चार मेलेली सापडतात. आणि आपण म्हणतो, "हॅचरीचा मालच खराब होता."

माझं मत स्पष्ट आहे. बऱ्याचदा दोष मालाचा नसतो, एकदम केलेल्या बदलाचा असतो. ज्या पक्ष्याला पुढे मातीवरच चरायचं आहे, त्याची मातीशी आणि गवताशी ओळख ब्रूडरमध्येच, थोडी थोडी करून द्या.

*असं का?*

लाल विष्ठा म्हणजे बहुतेक वेळा रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. याचे जंतू कोंबड्या फिरतात त्या जवळपास प्रत्येक अंगणात असतात आणि साध्या फवारणीने मरत नाहीत. पण पिल्लाच्या पोटात ते थोडे थोडे गेले, तर दोन-तीन आठवड्यांत अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. या रोगाची जिवंत लसही याच तत्त्वावर चालते. खरा घात होतो तो एकदम भरपूर जंतू गेले की. तीन ते सहा आठवड्यांचं वय यासाठी सगळ्यात नाजूक, आणि आपण नेमकं त्याच वयात जाळी उघडतो!

खुडूक कोंबडी बघा. पिल्लं दोन-तीन दिवसांची झाली की ती त्यांना घेऊन उकरायला निघते. थंडी वाजली की पंखाखाली घेते. ऊबही देते आणि मातीही दाखवते. आपण ब्रूडरमध्ये तिची ऊब तेवढी उचलली, बाकीचं सोडून दिलं.

१९७३ साली फिनलंडचे संशोधक नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं की, निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला पोटात जागा मिळत नाही. म्हणून पिल्लांना विष्ठा चारा, असा अर्थ कृपया काढू नका! मुद्दा एवढाच की, रिकाम्या पोटात आधी चांगले जंतू वस्तीला आले तर वाईटांना शिरकाव अवघड जातो.

आणखी एक फायदा. उकरायला काही नसलं की पिल्लं एकमेकांची पिसं टोचतात. मातीचं ढेकूळ समोर असलं की चोच तिकडे गुंतते.

*करायचं कसं?*

✅ पहिले ३-४ दिवस फक्त ऊब, पाणी, खाद्य. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला साधारण ३५ अंश तापमान ठेवा, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी कमी करा.

✅ नंतर आधी कच द्या, मग गवत. बाजरीच्या दाण्याएवढी, धुऊन वाळवलेली. कोंबडीला दात नाहीत, दळण चालतं पेट्यात, आणि त्याला खडे लागतात.

✅ पाचव्या दिवसाच्या सुमारास हराळीची एक ढेप मुळासकट, मातीसकट काढून परातीत ठेवा. शंभर पिल्लांना एक परात पुरे. दोन-तीन दिवसांनी बदला.

✅ लसूणघास, मेथी किंवा शेवग्याचा पाला अगदी बारीक चिरून मूठभर द्या. लांब गवत अन्नपिशवीत अडकतं. पाला ही चटणी समजा, जेवण म्हणजे स्टार्टर खाद्यच.

✅ तिसऱ्या आठवड्यापासून कोवळ्या उन्हात, कोरड्या जागी, जाळीखाली तासभर सोडा. घार, मांजर, मुंगूस टपलेलंच असतं.

*माती कुठली?*

पुढे पिल्लं जिथे फिरणार, त्याच परसातली, पण कोरडी. गेल्या वर्षभरात जिथे कोंबड्या मेल्या, तिथली नको. उकिरड्याची नको. तणनाशक किंवा दाणेदार कीटकनाशक पडलेल्या बांधाची तर मुळीच नको. पाणपक्षी उतरतात त्या तळ्याकाठचीही नको. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय केलं, ते आपण पाहिलं आहे.

आता कोणी म्हणेल, "मग जैवसुरक्षेचं काय?" ती हवीच. बाहेरच्या माणसाला शेडमध्ये घेऊ नका, चपला बदला, मानमोडी आणि गंबोरोची लस वेळेवर द्या. माती दाखवणं म्हणजे घाण चालवून घेणं नव्हे. उलट तूस कोरडं ठेवणं आता जास्त गरजेचं आहे, कारण हे जंतू ओलाव्यातच जोर धरतात. तूस मुठीत दाबा. गोळा झाला तर ओलं आहे, तेवढं काढून नवीन टाका. पाण्याच्या भांड्याखालची जागा रोज बघा. पावसाळ्यातल्या बॅचसाठी उन्हाळ्यातच गोणीभर माती वाळवून ठेवा.

पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात बसलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. मनाने औषध पाण्यात कालवू नका. कॉक्सिडिओसिसची जिवंत लस दिली असेल, तर कॉक्सीविरोधी औषध घातलेलं खाद्य चालत नाही. खाद्याच्या गोणीवरचं लेबल वाचा.

करारावरच्या ब्रॉयलरला यातलं काही लागू नाही. तो पक्षी अंगणात जाणारच नाही, तिथे कंपनीचे नियम पाळा.

शेवटी मदर युनिट चालवणाऱ्या सभासदांना विनंती. तुमच्याकडून महिन्याची पिल्लं जातात ती बहुतेक बचत गटाच्या ताईंकडे. पाच-दहा पिल्लं, त्यातली चार गेली तर तिचा अंड्यांचा हिशेबच मोडतो. तुमच्याकडे परातभर मातीला खर्च शून्य आहे. आणि ताई, तुम्हीही पिल्लं घेताना वजन आणि लस विचारता तसं हेही विचारा: "यांनी माती बघितली आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर घरी आणल्यावर आठ-दहा दिवस जाळीतच ठेवा आणि परातीपासून सुरुवात करा.

शंका असल्यास याच नंबरवर फोटो किंवा व्हॉइस मेसेज पाठवा. 🙏

— कुक्कुटपालन सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी