माहेर नसलेल्या मुलींचे 'पुनर्वसन'

गेल्या पावसाळ्यात उमरगा तालुक्यातल्या एका गावी बचतगटाच्या बैठकीला गेले होते. बैठक आटोपून निघाले तर एक मुलगी मागोमाग रस्त्यापर्यंत आली. कडेवर सात-आठ महिन्यांचे लेकरू. "ताई, वळखलं का मला?" मी ओळखले नाही. तिने सांगितले तेव्हा मला माझीच लाज वाटली. ती ज्या बालगृहात वाढली तिथे मी काही महिने समुपदेशनाला जात असे. तिला अठरा पूर्ण झाली आणि तीन महिन्यांत संस्थेने तिचे लग्न लावून दिले. त्या लग्नाला मी गेले होते. अक्षता टाकल्या, जेवले, फोटोत उभीही राहिले.

नवरा ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, जोडीने गेले तरच पुरती उचल मिळते, म्हणून त्याला बायको हवी होती. वर्षातले पाच-सहा महिने ही कारखान्याच्या तळावर कोपीत राहते. मारहाण आहे. दोनदा त्याने तिला रात्री बाहेर काढले, दोन्ही वेळा ती शेजारणीच्या ओट्यावर झोपली आणि सकाळी परत घरात गेली. "जाऊ कुठं? माझं माहेर म्हंजे ती संस्था. फोन केला तर म्हणले, आता तू मोठी झालीस, इथं ठेवता येत नाही."

ते नियमाला धरूनच बोलले. त्यांच्या फाइलीत तिच्या नावापुढे 'विवाहाद्वारे पुनर्वसन' असे लिहिलेले आहे आणि फाइल बंद झालेली आहे.

बेघर म्हटले की आपल्याला स्टेशनवर झोपलेला मुलगा दिसतो. संस्थेतून सुटलेली मुले खरोखरच तशी दिसतातही. सोलापूर रस्त्यावरच्या धाब्यांवर, पुण्याच्या हॉटेलांत, जिथे काम तिथेच अंथरूण. मुलगी दिसत नाही, कारण तिचे बेघर असणे लग्नाने झाकले जाते.

आपल्या जिल्ह्याला अनाथ मुलांचा प्रश्न नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी रांगत होते, पण सास्तूर-किल्लारीच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले. त्यावेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या मुलांकडे होते. आजची मुले एकेकटी निराधार होतात. कुणाच्या बापाने कर्जापायी फास घेतला, कुणाची आई दुखण्यात गेली, कुणाचे दोघेही करोनात गेले. त्यांच्यासाठी कुणी ट्रक भरून येत नाही.

यातली पुष्कळ मुले संस्थेत नसतातच, ती आजीकडे किंवा मामाकडे असतात. त्यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, तिचे आताचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. २०२३ पासून महिना २२५० रुपये मिळतात आणि अठरा झाली की बंद होतात. आजीच्या घरात ही रक्कम म्हणजे किराणा असतो. तो थांबायच्या सुमारास 'स्थळ' येते. खरे सांगायचे तर पुष्कळदा त्याच्या आधीच येते.

कायद्यात काहीच नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ४६ अठरानंतरच्या मदतीविषयी आहे. २०१६ च्या नियमांनुसार ही अनुरक्षणाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत करता येते. २०२२ च्या मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना ४००० रुपये ठरले आहेत. पण कलमाची भाषा 'देता येईल' अशी आहे, 'दिले जाईल' अशी नाही. मुली नेमक्या या शब्दात अडकतात.

अमृता करवंदे यांचे नाव आपण ऐकले असेल. गोव्यातल्या अनाथाश्रमातून अठराव्या वर्षी बाहेर पडून त्या पुण्याला आल्या आणि पहिली रात्र त्यांनी स्टेशनवर काढली. त्यांच्या धडपडीमुळे २०१८ मध्ये राज्यात अनाथांना एक टक्का आरक्षण मिळाले. मोठेच काम झाले. परंतु आरक्षणापर्यंत पोचायला पदवी लागते, आणि पदवीपर्यंत पोचायला अभ्यासाला बसायची जागा.

संस्थाचालकांना खलनायक ठरवणे सोपे आहे. मला एका अधीक्षकबाईंनी विचारले होते, "अठराची पोरगी एकटी खोली घेऊन राहिली आणि उद्या काही झालं, तर जबाबदार कोण?" त्यांची भीती खरी होती. घरमालक आडनाव विचारतो, वडील काय करतात विचारतो, आणि मग खोली रिकामी नसते. म्हणून लग्न हा सुटकेचा मार्ग वाटतो. सुटका मुलीची होत नाही, आपल्या सगळ्यांची होते. त्यात मी आलेच.

आपल्या चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न घेतला, 'घर दोघांचे' ही मागणी केली. टाकलेली बाई माहेरच्या दारात उभी राहते, तिथे भावजय नाक मुरडते, हे आपण जाणतो. पण ते दार तरी असते. पहिल्या बाळंतपणाला नेणारे, पंचमीला बोलावणारे, "आमच्या लेकीला का मारलंस?" म्हणून जाब विचारायला येणारे कुणीतरी असते. या मुलींना मार खाऊन रुसून बसायलाही जागा नाही.

माझे म्हणणे एवढेच की, एकवीस वर्षांपर्यंत लग्न हे पुनर्वसन म्हणून कागदावर धरूच नये. मुलीला स्वतःहून लग्न करायचे असेल तर तिने जरूर करावे, पण अनुरक्षणाची मदत त्यामुळे बंद होऊ नये. चार हजारांचा अर्ज सतराव्या वर्षीच भरला जावा आणि पैसे तिच्याच खात्यात यावेत. हे सरकारकडे मागायचे. उरलेले आपले काम आहे. या वर्षी किती मुलींना अठरा पूर्ण होतात, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारता येते. नावे मिळणार नाहीत, मिळूही नयेत, आकडा मात्र मागता येतो. मग बालकल्याण समितीला सांगायचे की आमचा गट खोलीच्या भाड्याला जामीन राहील, आमच्या घरचा पत्ता रेशनकार्डाला, आधारला चालेल.

त्या गावच्या गटाच्या अध्यक्षा साठीच्या आहेत, शाळा चौथीपर्यंत. मी हे सगळे बोलत होते तोवर त्यांनी त्या मुलीला परस्पर सांगून टाकले होते, "पंचमीला माझ्याकडं ये." ती आली, चार दिवस राहिली. नवरा न्यायला आला तेव्हा गटाच्या सात बाया ओसरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी त्याला चहा दिला आणि मग विचारायचे ते विचारले. जाताना तिने आधारकार्ड, शाळेचा दाखला आणि बाळाचा जन्मदाखला यांच्या झेरॉक्स गटाच्या पेटीत ठेवायला दिल्या.