निदान हा श्रमिक स्त्रीचा हक्क

पाळीत दुखायचेच, असे म्हणून आपला समाज स्त्रीच्या वेदनेचा निकाल लावतो. परंतु दर महिन्यास अंथरूण धरावयास लावणारे, शौचाच्या अथवा शरीरसंबंधाच्या वेळी कळा आणणारे दुखणे हा बाईचा भोग नव्हे. तो एन्डोमेट्रिऑसिस असू शकतो. या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. तरीही निदानास अनेक वर्षे लागतात. सोनोग्राफीत काही दिसले नाही म्हणजे विकार नाही, असे ठरत नाही. म्हणून दुखते केव्हा, कोठे आणि किती, हे डॉक्टरांनी प्रथम ऐकून घ्यावयास हवे.

ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांचे काय होते, हे बीड जिल्ह्यात दिसले. तेथील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढल्याचे २०१९ साली उघडकीस आले. खाडा पडला की दंड, या धास्तीत जगणाऱ्या अनेकींना दुखण्याच्या कारणाचा शोध न घेताच शस्त्रक्रिया सुचविली गेली. एन्डोमेट्रिऑसिस तर गर्भाशय काढूनही मागे राहू शकतो.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ व सोनोग्राफी हवी, ही मागणी मजुरीवाढीच्या मागणीच्या बरोबरीने आपल्या मोर्चांत आली पाहिजे.