उसनवारीची इमारत

जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आणि जगभर विनामूल्य वापरल्या जाणाऱ्या १८ मॉड्यूल्समध्ये ८ सप्टेंबर २०२५ रोजी चोरट्यांनी घातक आज्ञा घुसवल्या. त्यांत ‘चॉक’ आणि ‘डीबग’ ही अत्यंत लोकप्रिय मॉड्यूल्स होती. ती सांभाळणाऱ्या आज्ञावलीकाराला बनावट ईमेल पाठवून त्याच्या खात्याचा ताबा मिळवण्यात आला होता. क्रिप्टो चलनाचे व्यवहार परस्पर वळवणे हा त्यामागील हेतू. काही तासांतच प्रकार उघडकीस आला आणि मोठे नुकसान टळले. परंतु ही मॉड्यूल्स आठवड्याला एकूण २०० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतली जात होती, हे ध्यानात घेतले म्हणजे संकट किती जवळून गेले याची कल्पना येते. त्याच महिन्यात ‘शाय-हुलूद’ नावाच्या, स्वतःहून पसरणाऱ्या आज्ञावलीने ५०० हून अधिक मॉड्यूल्स बाधित केली.

या घटनांचे मूळ वेब अॅप्लिकेशन बांधण्याच्या आजच्या पद्धतीत आहे. एक्स्प्रेस किंवा व्ह्यू यांसारख्या फ्रेमवर्कचा गाभा मुद्दाम लहान ठेवलेला असतो. लॉगइन, भाषांतर, नोंदवही अशा सोयी बाहेरून प्लगइन जोडून मिळवायच्या असतात. फ्रेमवर्क ठरावीक ठिकाणी जागा मोकळी सोडते, प्लगइन लिहिणारा तेथे आपले फंक्शन बसवतो आणि वापरणाऱ्याला केवळ ‘यूज’ ही एक आज्ञा द्यावी लागते. महिन्यांचे काम त्यामुळे दिवसांत होते. वेबविश्वाच्या झपाट्याने झालेल्या वाढीत या पद्धतीचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या सोयीच्या पोटातच धोका दडलेला आहे. एकदा जोडलेले मॉड्यूल आणि मूळ अॅप्लिकेशन यांच्यात सहसा कोणतीही भिंत नसते. केवळ अक्षरांना रंग देण्यासाठी घेतलेल्या मॉड्यूललाही सर्व्हरवरील फाइली व गुप्त चाव्या वाचता येतात. शिवाय एक मॉड्यूल दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर विसंबलेले असते. चार मॉड्यूल्स मागवणाऱ्याच्या घरात शेकडो पाहुणे येतात आणि त्यांतील बहुतेकांची नावेही यजमानाला ठाऊक नसतात.

इशारे यापूर्वीही मिळाले होते. मार्च २०१६ मध्ये, एका मॉड्यूलच्या नावावरून झालेल्या वादात संतप्त झालेल्या आज्ञावलीकाराने ‘एनपीएम’ या मध्यवर्ती कोठारातून आपली सर्व मॉड्यूल्स काढून घेतली. त्यांत अवघ्या ११ ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. पण ते नाहीसे होताच जगभरातील असंख्य प्रकल्पांचे काम अडले. एनपीएमने ते परत आणले आणि पुढे मॉड्यूल मागे घेण्यावर निर्बंध घातले. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’च्या कर्त्याने, स्वतः ते वापरत नसल्याने, मदतीची तयारी दाखवणाऱ्या अनोळखी व्यक्तीकडे त्याची सूत्रे सोपवली. त्या व्यक्तीने त्यात बिटकॉइनचे पाकीट लुटणाऱ्या आज्ञा पेरल्या.

या सर्व घटनांतील समान धागा दुर्लक्षिता येणार नाही. बलाढ्य कंपन्यांच्या व्यवहारांचा भार फावल्या वेळात, बहुधा विनामोबदला काम करणाऱ्या एकेकट्या माणसांच्या खांद्यावर आहे. नफा एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था. २०२० पासून एनपीएमची मालकी असलेल्या गिटहबने सप्टेंबर २०२५ मध्ये, मॉड्यूल प्रसिद्ध करताना दुहेरी ओळखपडताळणी सक्तीची करण्याचे आणि प्रवेशचाव्यांची मुदत घटवण्याचे जाहीर केले. पाऊल योग्यच, पण त्याने दाराचे कुलूप मजबूत होते, राखणदाराचे ओझे हलके होत नाही.

नियामकांचा रोख आता वापरणाऱ्यांकडे वळतो आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला असून त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. उत्पादनात बाहेरून घेतलेल्या घटकांची खातरजमा करण्याचे दायित्व त्याने उत्पादकावर टाकले आहे. विनाव्यापारी लिहिणाऱ्याला त्यातून वगळले आहे. भारतात ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा आराखड्यात सॉफ्टवेअरमधील घटकांची यादी ठेवण्याची अपेक्षा व्यक्त केली, तर ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

यादी करणे ही सुरुवात झाली. वापरात असलेली आवृत्ती निश्चित करून ठेवणे, नवी आवृत्ती आली की तपासूनच घेणे, किरकोळ कामासाठी बाहेरचे मॉड्यूल न मागवणे आणि ज्यांच्यावाचून चालत नाही त्या मॉड्यूल्सच्या कर्त्यांना रास्त मोबदला देणे, ही पुढची पावले होत. उसन्या विटांनी इमारत बांधण्यात गैर काही नाही. मात्र वीट ठिसूळ निघाली तर दोष वीटवाल्याचा, असे म्हणून बांधणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत. त्या इमारतीत राहणारे ग्राहक भरवसा ठेवतात तो बांधणाऱ्यावर.