अपयशाचा जमाखर्च

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यकृतारोपणावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. ‘तुझा विषय इतिहास, तुला शस्त्रक्रियेतले काय कळते?’ असे एका मित्राने मला विचारलेही. त्याचे म्हणणे खरे आहे. शस्त्र कसे धरावे हे मला कळत नाही. परंतु एखादे नवे शास्त्र जेव्हा माणसाच्या देहावर शिकत असते, तेव्हा त्या शिक्षणाची फी कोण भरतो, हा प्रश्न डॉक्टरांपुरता उरत नाही. तो इतिहासाचा आणि नीतीचाही प्रश्न आहे. दवाखान्याच्या रांगेत जो उभा राहतो त्याचा तर तो आहेच. माझ्या घरातली सगळी माणसे त्या रांगेतली. म्हणून हा लेख.

यकृत हा विलक्षण अवयव आहे. ते पित्त तयार करते, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करते, शरीरातील विषारी पदार्थांचा निचरा करते. मूत्रपिंड बिघडले तर यंत्रावर रक्त शुद्ध करून दिवस काढता येतात. यकृताची जागा पूर्णपणे घेईल असे यंत्र तेव्हा नव्हते आणि आजही नाही. म्हणजे यकृत पार निकामी झाले की दुसरे बसवणे किंवा मरण, हे दोनच मार्ग.

पहिला मार्ग खुला करण्याचा प्रयत्न अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी केला. कितीतरी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केल्यानंतर १ मार्च १९६३ रोजी त्यांनी तीन वर्षांच्या एका मुलाचे यकृत बदलण्यास घेतले. त्याच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत्या. रक्तस्राव थांबेना आणि मूल टेबलावरच गेले. त्यानंतर मे महिन्यात कर्करोग झालेल्या ४८ वर्षांच्या गृहस्थावर शस्त्रक्रिया झाली. तो २२ दिवस जगला. डेन्व्हरला असे पाच रुग्ण झाले, बोस्टनला एक, पॅरिसला एक. या सात जणांपैकी २३ दिवसांपलीकडे कोणीही जगले नाही.

आमच्या नीतिशास्त्राच्या तासाला साध्य-साधनाची चर्चा चालली असता मी ही हकिकत सांगितली, तेव्हा वर्गात सरळ दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, हे सात जण प्रयोगाचे बळी होत. दुसरी बाजू म्हणाली, ते मरणारच होते, मग बिघडले काय? मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दुसरी तर धोक्याचीही वाटते. ‘तो मरणारच होता’ हे एकदा मान्य केले की गरीब, निराधार, म्हाताऱ्या माणसावर काहीही करण्याची मुभा मिळते. नाइलाज म्हणजे संमती नव्हे. बुडणारा माणूस काडीलाही हात घालतो. म्हणून काडी पुढे करणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

मग त्या शस्त्रक्रियांना बळी म्हणायला मी का तयार नाही? त्यानंतर जे घडले त्यामुळे. डेन्व्हरच्या डॉक्टरांनी आपले रुग्ण कसे व कशाने गेले ते त्याच वर्षी शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात छापून टाकले. त्यात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जुने यकृत काढताना शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेण्यासाठी नळी जोडावी लागे. पहिले मूल रक्तस्रावाने गेले म्हणून पुढच्या रुग्णांना रक्त लवकर गोठावे असे औषध देण्यात आले. झाले असे की त्या नळीतच गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसात जाऊन बसल्या. एका मरणावरचा उपाय दुसऱ्या मरणाचे कारण ठरला! असली गोष्ट झाकून ठेवणे किती सोपे होते. ती छापली गेली म्हणून जगातल्या इतर डॉक्टरांना ती पुन्हा रुग्णाच्या जिवावर शिकावी लागली नाही.

यानंतर त्यांनी आणखी कठीण गोष्ट केली. ते थांबले. या शस्त्रक्रियांना आपणहून विराम देऊन ते प्रयोगशाळेत परतले. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून नवी द्रव्ये शोधली गेली, काढलेले यकृत टिकवण्याच्या पद्धती सुधारल्या. जुलै १९६७ मध्ये १९ महिन्यांच्या एका मुलीवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि ती तेरा महिने जगली. पुढे मूळच्या कर्करोगानेच ती गेली. पण नवे यकृत माणसाच्या शरीरात वर्षभर नांदू शकते हे तिने दाखवले. १९६८ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला डॉ. रॉय काल्न यांनीही हे काम सुरू केले.

तरीही १९६३ ते १९८० पर्यंत डेन्व्हरच्या पहिल्या १७० रुग्णांपैकी वर्षभर जगले ५६ जण. म्हणजे तिघांत एक. माझे वडील अडतीवर हमाल आहेत. त्यांना दोन इयत्तांपलीकडे शाळा मिळाली नाही. पण पोत्यांचा हिशेब ते चोख ठेवतात. आलेले पोते जसे मांडायचे तसे फाटलेलेही मांडायचे, नाहीतर संध्याकाळी मेळ बसत नाही, असे ते सांगतात. ‘१७० पैकी ५६’ हा आकडा वाचला तेव्हा मला त्यांची आठवण झाली. ५६ जणांची नावे मिरवून उरलेल्या ११४ जणांविषयी गप्प बसता आले असते. मेळ बसला असता काय?

पुढचा भाग सुखाचा आहे. बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध आले आणि वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावरून सत्तर टक्क्यांच्या आसपास गेले. जून १९८३ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची परिषद भरली. चार केंद्रांतील ५३१ रुग्णांचा जमाखर्च तिच्यापुढे होता. तो पाहून, ही शस्त्रक्रिया आता निव्वळ प्रयोग नसून उपचार आहे, असा निर्वाळा परिषदेने दिला. मेलेल्यांची नोंद नसती तर हा निर्वाळा कशाच्या आधारावर देता आला असता?

आपल्याकडे अवयवारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. तो प्रथम ज्या राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. १९९८ साली दिल्लीत देशातले पहिले यशस्वी यकृतारोपण झाले. दोन वर्षांचाही नसलेल्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आपण बोलताना सहज ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो. काळीज म्हणजे मुळात यकृतच. येथे तो शब्द अक्षरशः खरा झाला.

परंतु इथेच नवा प्रश्न उभा राहतो. आपल्या देशात यकृत बहुधा जिवंत नातेवाइकाचे घेतात. दाता धडधाकट असतो. टेबलावर त्यालाही निजावे लागते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्याकडे पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त आहेत. बायकोने, आईने, बहिणीने द्यायचेच असे घराने मनात धरले असेल, तर तिला कोणी खरोखर विचारले काय? ‘नाही’ म्हणण्याची जागा तिला ठेवली होती काय? १९६३ चा संमतीचा प्रश्न असा वेगळ्या रूपाने आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. ज्या रुग्णालयात यकृते बदलली जातात, तेथे दरवाज्यावरच फलक असावा. किती जणांवर शस्त्रक्रिया झाली, वर्षानंतर किती हयात आहेत, दात्यांपैकी किती जणांना त्रास झाला, हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे. असा फलक मी अजून कोठे पाहिलेला नाही. या उपचाराचा खर्च लाखांत जातो. त्यासाठी जमीन विकायला निघालेल्या माणसाला निदान हा हिशेब तरी समोर दिसला पाहिजे. आणि आपण शिकलेल्या मुलांनी आपल्या माणसांबरोबर दवाखान्यात जाऊन तो विचारला पाहिजे. आपल्या आईवडिलांना डॉक्टरपुढे बोलायचा धीर होत नाही. आपल्याला तो कॉलेजने दिला असेल, तर तो तेथे वापरावा.

— द्वितीय वर्ष, कला